बिनटोपीचं जॅकेट

माझ्या दुकानात दोन प्रकारची गिऱ्हाइकं येतात. एक, ज्यांना काही माहीत नसतं आणि तसं ती कबूल करतात. दुसरी, जी आठवडाभर मोबाइलवर व्हिडिओ बघून येतात आणि उलट मलाच शिकवतात. सुंदरा या दोन्हींत बसत नव्हती, म्हणून पहिल्या अर्ध्या तासातच माझं डोकं फिरलं.

दुकान भुकूमला, पौड रस्त्याला लागून. आमची भाताची खाचरं होती तिथे आता अकरा मजल्यांच्या तीन इमारती आहेत. त्यांतल्या पहिलीच्या तळमजल्यावर मी डोंगरात जाणाऱ्यांचं सामान विकते. बूट, सॅक, दोर, आणि पावसाळ्यात सगळ्यात जास्त जॅकेटं. वीस-बावीस वर्षं मी स्वतः डोंगर तुडवले, कडे चढले. पन्नाशी ओलांडल्यावर गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा हे दुकान टाकलं. पावसाचं हलकं जॅकेट कसं निवडावं यावर मी बोलायला लागले की समोरच्याचा चहा गार होतो. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. म्हणजे, थोडी बढाई आहेच.

आमच्या भागात इंद्रजित नावाचा एक पस्तिशीचा मुलगा आहे. हिंजवडीची नोकरी सोडून डोंगरात रमलेला. त्याची संस्था पावसाळ्यात दर रविवारी वीस-पंचवीस लोकांना ताम्हिणीच्या अलीकडच्या एका डोंगरधारेवरून चालवते. एका बाजूला आपलं मुळशीचं पठार, दुसऱ्या बाजूला कडा आणि सरळ खाली कोकण. दोन वर्षांपूर्वी त्या धारेवर एक पाहुणी भिजून गारठली, दात वाजायला लागले, बोलणं अडखळायला लागलं. खाली आणल्यावर ती बरी झाली, पण इंद्रजितने धसका घेतला आणि तो माझ्याकडे आला. "साधनाताई, काय काय सामान पाहिजे त्याची एक लिस्ट करून द्या. सगळ्यांना कम्पल्सरी."

मी सात ओळींची यादी करून दिली. चौथी ओळ अशी होती: वजनाला हलकं, शिवणींना आतून पट्टी लावलेलं, भडक रंगाचं, टोपी असलेलं पावसाचं जॅकेट; पाऊस असेपर्यंत टोपी डोक्यावर हवी. माथा आणि मान भिजली की माणूस कसा गारठतो हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. यादीतल्या सात ओळींत या ओळीवर माझा विशेष जीव होता.

या जुलैतल्या एका शुक्रवारी इंद्रजितचा फोन आला.

"ताई, सुंदराबाईंना पाठवतोय. धारेवर शहरातल्या लोकांना चौदा वर्षं त्याच वाट दाखवतात, पण अजून खांद्यावर घोंगडं आणि डोकं उघडं. पाव्हण्यांना नियम आणि वाटाड्याला नाही, हे आता चालत नाही. इन्शुरन्सवाल्यांनी पण तुमची लिस्ट मागून घेतलीय. त्यांना आवडेल ते जॅकेट द्या, संस्था बघेल. पण रविवारी चेकिंगला लिस्टप्रमाणे नसेल, तर मग ग्रुपच्या पुढे शेखर चालेल."

"कायमचा?"

"कायमचाच. मला दर रविवारी तोच वाद नकोय."

शेखर म्हणजे जांबे गावात खोली घेऊन राहणारा, कंपनीत कामाला असलेला मुलगा. मनगटावरच्या घड्याळात नकाशा, कमरेला शिट्टी. चांगला आहे. माझं नेहमीचं गिऱ्हाईक आहे.

दुपारी सुंदरा आली. शेलाटी, उंच, चाळिशी ओलांडलेली. पिंढरीपर्यंत आवळून नेसलेलं लुगडं, पायात काळे प्लास्टिकचे बूट, खांद्यावर घडी घातलेलं काळं घोंगडं. पठारावरच्या धनगरवाड्यातली. तिचं माहेर आणि सासर एकाच वाड्यावर, मधे दोन गोठे. तिने दुकानभर एकदा नजर फिरवली आणि सरळ मुद्द्यावर आली.

"त्ये जाकीट द्या ताई. इंद्रजितदादा म्हनला, त्याबिगर मला पुढं चालू द्यायचा न्हाई. आन् त्या धारेवर दुसरं कुनी पुढं चाललेलं मला चालायचं न्हाई. ती वाट माझी हाय. तवा चांगलं बगून द्या."

तिने विनंती केली नव्हती, मला काम सांगितलं होतं. मला ते आवडलं. मी माझं लाडकं जॅकेट काढलं. दोन हापूस आंब्यांइतकं वजन, मुठीत मावेल एवढी घडी, आणि पाण्याचा दाब सोसण्याचा आकडा असा की हिंजवडीची पोरं तो आकडा ऐकूनच पाकीट काढतात. मी तिला आकडा सांगितला.

"आकडा ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "तांब्या हाय का?"

तांब्या नव्हता, पाण्याची बाटली होती. तिने जॅकेटची पाठ पसरली, चारी बाजू उचलून झोळी केली, तिच्यात अख्खी बाटली ओतली आणि झोळी बूट टांगायच्या हुकाला अडकवून खाली स्टुलावर बसली. नवं कोरं जॅकेट! मी तोंड उघडलं तर म्हणाली, "घोंगडं घेताना आमी असंच बगतो. झोळीत पानी वतायचं आन् पान खाऊन हुस्तवर बसायचं. तुमी च्या करा तवर."

मी चहा केला. चहा संपला तेव्हा तिने झोळीखाली तळहात फिरवला. कोरडा.

"पानी धरतंय. ह्ये कळलं. आता चढून बगते."

कुठे चढणार, हे मला तिने जॅकेट अंगात घालून कोपऱ्यातला पाण्याचा भरलेला जार खांद्यावर घेतला तेव्हा कळलं. "लिफ्ट आहे," मी म्हटलं. "डोंगराला हाय का?" म्हणाली आणि जिन्याला लागली. अकरा मजले वर, अकरा मजले खाली. वॉचमन उठून उभा राहिला. ती परत आली तेव्हा धापही लागलेली नव्हती, पण जॅकेटची चेन उघडून तिने बाही उलटी केली तर आतून पाणी निथळत होतं. सगळा घाम.

"आत बी पाऊसच हाय की," ती म्हणाली. "भाईरनं भिजा न्हाईतर आतनं भिजा, गारठा त्योच."

इथे मला एक कबुली द्यायला हवी. ती म्हणाली ते मला माहीत होतं. ही महागडी कापडं आतली वाफ बाहेर टाकतात खरी, पण बाहेरची हवा जरा कोरडी असेल तर. आमच्या जुलैत हवाच ओल्या गोधडीसारखी असते, वाफ जाणार कुठे? अशा वेळी आकड्यापेक्षा बगलेखालच्या चेनी कामाला येतात. त्या उघडल्या की वारं आत फिरतं. हे मला वीस वर्षं माहीत आहे, तरी दुकान टाकल्यापासून मी आकडाच सांगत आले, कारण गिऱ्हाइकाला आकडा कळतो. सुंदरापुढे मला त्याची लाज वाटली.

मी दुसरं जॅकेट काढलं. वजनाला थोडं जास्त, कापड जाडसर, म्हणजे कारवीच्या झुडपांत फाटणार नाही, आणि दोन्ही बगलांखाली लांब चेनी. झोळी, पाणी, चहा, जार, अकरा मजले. या वेळी बाही आतून दमट होती, ओली नव्हती.

"ह्ये बरं हाय. वारं जातंय."

माझ्याकडे त्यात दोन रंग होते, करडा आणि नारंगी. धनगराची बाई, आयुष्य काळ्या घोंगड्यात गेलेलं, हिला करडा आवडेल म्हणून मी तोच पुढे केला. यादीत भडक रंग लिहिला होता, पण मी तेवढी सवलत द्यायच्या विचारात होते. तिने करड्याकडे बघितलंही नाही. "त्यो नगं. ह्यो." कारण विचारलं तर नुसती हसली.

एवढ्यावर थांबलो असतो तर मी आयुष्यभर तिचं कौतुक सांगत फिरले असते. पण तिने टोपी डोक्यावर ओढली आणि मला सांगितलं, "त्या कपाटाच्या मागं जाऊन काय तरी बोला. मोठ्यानं नगं."

मी कपाटामागे गेले आणि म्हटलं, "सुंदराबाई, तुम्ही लई हट्टी आहात."

"बोला की," ती म्हणाली.

"बोलले."

तिने टोपी मागे टाकली. "आयकू येत न्हाई. कानापाशी कापूड वाजतंय. वर पाऊस पडला का आनीक वाजल. मी पुढं चालते तवा डोळं पुढं आन् कान मागं असत्यात माझं. मागं बावीस मानसं असली तर बावीस मानसांची पावलं मोजत चालते मी. टोपी कापून द्या."

"कापून?"

"कात्री न्हाई का दुकानात?"

मग मी तिला समजावलं. नंतर जरा चढ्या आवाजात समजावलं. ही टोपी शोभेची नाही, डोकं भिजलं की काय होतं ते मी पाहिलंय, शिवाय टोपी कापलेलं जॅकेट यादीत बसत नाही, आणि यादीत नाही तर वाट शेखरची. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "ताई, तुमी शेळ्या राखल्यात का कदी?"

"नाही."

"मंग ऱ्हाऊ द्या."

"सुंदराबाई, ती ओळ मी लिहिलीय. मीच कशी मोडू?"

"बरं," ती म्हणाली, आणि जॅकेट घडी घालून घोंगड्यात गुंडाळून घेऊन गेली. मला वाटलं, पटलं तिला. सुंदराचं 'बरं' म्हणजे होकार नसतो, 'तुझं बोलून झालं असेल तर मी निघते' एवढाच त्याचा अर्थ असतो, हे मला रविवारी कळलं.

रविवारी मीही गेले. एरवी गुडघ्यांमुळे जात नाही, पण माझी यादी वाटाड्याला पहिल्यांदाच लागू होत होती आणि ते बघायचा मोह मला आवरला नाही. धनगरवाड्यावर पोचलो तेव्हा पाऊस बारीक होता. इंद्रजित, शेखर, वीस पाहुणे, सगळे टोप्या चढवून उभे. सुंदरा घरामागून आली. नारंगी जॅकेट अंगात, आणि तिच्या शेळ्या तिच्यापासून वीस हात लांब, माना वर करून तिच्याकडे संशयाने बघत असलेल्या.

"कालपास्नं वळखत न्हाईत मला," ती म्हणाली. "आवाज दिला का मंग येत्यात."

जॅकेटला धुराचा वास येत होता. घोंगडं जिथे वाळत घालतात तिथेच, चुलीच्या वरच्या बांबूवर, तिने ते टांगलं होतं. तेही मी सोसलं असतं. पण तिची टोपी मला दिसेना. जवळ जाऊन पाहिलं तर तिने टोपीची घट्ट गुंडाळी करून मानेपाशी दाभणाने शिवून टाकली होती. लोकरीच्या काळ्या दोऱ्याने, एकसारखे, सुबक टाके. ज्या जॅकेटच्या एकेका शिवणीवर आतून पट्टी बसवण्यासाठी कारखाना जिवाचं रान करतो, त्याच्या गळ्याला हिने पोतं शिवायच्या सुईने भोकं पाडली होती. मी मोजली. सतरा.

"हे काय केलंत?" मी ओरडलेच. "गळ्यातून सगळं पाणी आत जाईल आता."

"मानंवर थोडं यील. यिऊ द्या. कापू नगा म्हनलात, म्हून कापली न्हाई."

इंद्रजित माझ्याकडे वळला. "ताई, लिस्ट तुमची आहे. तुम्ही सांगाल तसं."

बावीस माणसं माझ्याकडे बघत होती. सुंदराही बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीती होती. ती भीती मला दिसली आणि मी तिकडे दुर्लक्ष केलं. मला वाटलं, काम जाईल म्हणून घाबरली असेल.

"नियम म्हणजे नियम," मी म्हटलं. "शेखर पुढे चालेल."

सुंदरा शेखरच्या मागे जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, "मी दुसरी चालते. त्याच्या मागं लगीच. घरी ऱ्हायाची न्हाई." याला कोणाची हरकत नव्हती. मधे पाहुणे, त्यांच्यात इंद्रजित आणि सगळ्यात शेवटी मी. कुणी मागे रेंगाळू नये म्हणून शेवटी जाणत्या माणसाने चालायचं असतं, आणि तिथे माझ्याइतकं जाणतं कोण होतं? मी खूश होते. खोटं कशाला बोलू, जिंकल्यासारखं वाटत होतं.

पहिला तास छान गेला. मग धार सुरू झाली तसा पाऊस वाढला आणि कोकणाकडून धुकं वर आलं. पुढच्या माणसाची पाठ तेवढी दिसत होती. एका दगडाच्या ढिगापाशी माझ्या टोपीची दोरी सैल झाली म्हणून मी थांबले, हातमोजा काढला, दोरी नीट आवळली, गाठ मारली. दोन मिनिटं गेली असतील. वर बघते तर पुढे कोणी नाही.

"थांबा रे," मी हाक मारली. कोणी थांबलं नसणार, कारण सगळ्यांच्या डोक्यावर माझ्या चौथ्या ओळीतली टोपी होती. मी घाबरले नाही. इतकी वर्षं डोंगरात घालवलेली बाई मी, वाट का शोधता येत नाही? ढिगाच्या डावीकडून दबलेल्या गवताची रेघ जात होती. ती धरून चालायला लागले. टोपीवर पाऊस फुटाणे भाजल्यासारखा तडतडत होता आणि त्याखेरीज मला दुसरं काहीच ऐकू येत नव्हतं. मधेच एकदा पुन्हा हाक मारली. उतार लागला. मला वाटलं, धारेवरून खाली उतरायची खिंड जवळ आली. पावलं झपझप टाकायला लागले.

आणि एक दगड माझ्या समोर पडला. चार हातांवर, गवतात. एक टप्पा घेऊन पुढे गेला आणि दिसेनासा झाला. मी थबकले. तेवढ्यात दुसरा पडला, आणखी जवळ. मला संताप आला. कोण दगड मारतंय? बघायला म्हणून मी टोपी मागे फेकली.

तेव्हा आवाज आला. मागून, वरून, घसा बसलेला आवाज. किती वेळापासून ओरडत होती कोण जाणे.

"साधनाताई, हलू नगा. खाली बसा. हाय तितंच बसा."

मी बसले. धुकं जरा फाटलं. माझ्यापुढे पाच-सहा पावलांवर गवत संपत होतं, आणि त्यापुढे काहीच नव्हतं. फार खाली कोकणातली शेतं दिसली आणि पुन्हा झाकली गेली. मी गवताला दोन्ही मुठींनी धरून बसले, लहान मूल बसतं तशी.

सुंदरा उतरून आली आणि तिने माझं कोपर पकडलं. इतकं घट्ट की पुढे चार दिवस तिथे वळ होता. मला ओढत वर दगडाच्या ढिगापाशी आणलं तेव्हा कुठे तिने हात सैल केला. तिचे केस, मान, सगळं निथळत होतं.

"दगड मारलात मला," मी म्हटलं.

"मारला न्हाई. पुढं टाकला. शेळी कड्याकडं निगाली का मागनं दगड टाकायचा नसतोय, त्यानं ती आनीक पुढं पळती. पुढं टाकायचा. मंग थबकती."

"तुम्हाला कसं कळलं मी मागे राहिले ते?"

"येका मानसाची पावलं कमी झाली. मंग तुमची हाक आयकली. मी ओ दिली, धा येळा दिली. तुमची मला आयकू येत व्हती, माझी तुमाला न्हाई." ती थांबली. "तुमचं पिवळं जाकीट धुक्यात दिसलं म्हून बरं. दिसलं म्हून दगूड कुटं टाकायचा त्ये कळलं. भैरू दिसलाच न्हाई मला."

"भैरू कोण?"

"माझा धाकटा भाऊ. एकोनीस वर्साचा व्हता." तिने कड्याकडे हात केला. "हितनंच ग्येला. असाच पाऊस. दोगं शेळ्या आनायला आलो व्हतो. त्याच्या डोक्यावर घोंगड्याची खोळ, कान झाकल्यालं. मी हाका मारतीया, मारतीया, आन् त्यो आपला चाललाय. काळं घोंगडं. धुक्यात कसं दिसनार? नुसता पावलांचा आवाज येत व्हता मला. मंग त्यो बी थांबला."

हे सगळं ती शेळ्यांबद्दल बोलावं तशा आवाजात बोलत होती, पण माझं कोपर तिने अजून सोडलं नव्हतं.

"वाट त्यानंच दावल्याली मला. पुढल्या साली ही शहरातली मानसं यायला लागली धारेवर, तवा म्हनलं, ह्यास्नी मी न्हेनार. दुसऱ्या कुनाला पुढं जाऊ द्यायचं न्हाई. जाऊ दिलं तर हितं पुन्यांदा कोन तरी जाईल." तिने लुगड्याच्या ओल्या पदराने तोंड पुसलं. "सकाळी तुमी न्हाई म्हनलात तवा लई भ्या वाटलं मला."

आणि मी ती भीती पाहिली होती. पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं, कारण मला माझी ओळ जपायची होती. त्या दगडांपाशी उभी असताना मला स्वतःची लाज वाटली. मी तिचे दोन्ही हात धरले आणि म्हटलं, "सुंदरा, माझं चुकलं." तिने मान हलवली. "चला. ती मानसं थांबल्यात."

रांग पुढे तीनशे पावलांवर उभी होती. सुंदरा त्यांना थांबवून मागे वळली होती. शेखरचा चेहरा उतरलेला. घड्याळातल्या नकाशात वाट बरोबर होती, तो ती बरोबरच चालला होता, पण मागे कोण गळलं हे त्या नकाशात दिसत नाही.

"चौथी ओळ मी लिहिली, मीच खोडतेय," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "सगळ्यात पुढच्याने आणि सगळ्यात शेवटच्याने कान उघडे ठेवायचे. आणि पुढे सुंदराबाई. आज, आणि पुढचे सगळे रविवार."

"इन्शुरन्सवाल्यांना काय सांगू?" इंद्रजित म्हणाला.

"माझा नंबर दे. मी सांगते."

शेखर वाटेतून बाजूला झाला, कोणी न सांगता. सुंदरा त्याच्या शेजारून पुढे गेली, वळली आणि म्हणाली, "आयका. दर वळनाला मी हाक देनार. शेवटच्या मानसानं ओ द्यायची. ओ आल्याबिगर म्होरं पाऊल पडनार न्हाई."

शेवटचं माणूस मी होते. टोपी पाठीवर, कानांत पाणी, मानेवरून थेट पाठीत ओघळ. गारठले, पण आता मला सगळं ऐकू येत होतं, कारवीवरचा पाऊस, पुढच्याच्या बुटांखालचा चिखल, खाली कुठेतरी ओढा. पहिल्या वळणाला तिची हाक आली, मी ओ दिली. दुसऱ्या वळणाला दिली. तिसऱ्या वळणाला तिने "साधनाताई" अशी नाव घेऊन हाक मारली आणि मला कड्यावरच्या तिच्या हाका आठवल्या, ओ द्यायची राहून गेली. बावीस माणसांची रांग धुक्यात जागच्या जागी थांबली, आणि तिने पुन्हा हाक मारली.